खारीचा वाटा किती ग्रॅम?

मराठीत 'खारीचा वाटा उचलणे' असा एक वाक्प्रचार आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये लोअर मराठीच्या पेपरला तो हमखास दोन मार्कांना यायचा, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. मी दरवर्षी एकच वाक्य ठोकून द्यायचे, 'देशाच्या प्रगतीत प्रत्येकाने खारीचा वाटा उचलावा', आणि दोन्ही मार्क पदरात पाडून घ्यायचे. खार कशी दिसते ते मात्र मला इंग्लिश रीडरमधून माहीत. त्या पुस्तकातली खार करड्या रंगाची, शेपूट झाडूसारखं झुबकेदार, आणि ती ओकच्या झाडाखालची फळं थंडीसाठी पुरून ठेवायची. आमच्या घराच्या गजावरून चिर्र चिर्र करत पळणारं पट्ट्यापट्ट्यांचं जे काही होतं तीसुद्धा खारच, हे डोक्यात शिरायला मला बरीच वर्षं लागली. आणि तिचा नीट अभ्यास झाला तो इथे, हॉस्टेलवर, एका नोटिशीमुळे.

नोटीस तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. फेब्रुवारीत मेसच्या दाराशी, 'पाणी जपून वापरा'च्या शेजारी लागली होती. आवारात, गॅलरीत अथवा खिडकीत पक्ष्यांना दाणे टाकणे तत्काळ बंद करावे, कबुतरांचा व उंदरांचा उपद्रव वाढला आहे, वगैरे. खाली रेक्टर मॅडमची सही. आता अख्ख्या हॉस्टेलात रोज दाणे टाकणारी गॅलरी एकच, दुसऱ्या मजल्यावरची मागची, आणि ती आमची. म्हणजे नोटीस सर्वांना, रोख आमच्यावर!

ही गॅलरी आम्हाला सीनियर्सकडून वारशाने मिळालेली. पास आऊट होताना कुणी किटली ठेवून जातं, कुणी जर्नलं. आम्हाला मिळालं एक मातीचं परळ आणि सूचना, की रोज सकाळी मूठभर बाजरी टाकायची. पहिला आठवडा म्हणजे स्वर्ग! पावणेसातला चिमण्या हजर, मोबाईलला अलार्म लावायची गरज नाही. मग होले आले. ते बिचारे गरीब, माना हलवत खाली सांडलेलं टिपायचे. मग कबुतरं आली. कबुतर कधी एकटं येत नाही. सोमवारी एक आलं की गुरुवारी बारा असतात, आणि रविवारपर्यंत त्यातल्या दोघांनी एसीच्या डक्टमध्ये संसार थाटलेला असतो. मग खार आली. चिमणी परळाच्या काठावर बसून खाते, खार थेट परळात बसून खाते, पानात मांडी घालून बसल्यासारखी. आणि सगळे झोपल्यावर, उरलंसुरलं वेचायला, उंदीर. चिमण्या आपल्या कठड्यावर ओळीने बसून नुसत्या बघत राहायच्या, मेसमध्ये पनीरच्या दिवशी मागे राहिलेल्या फर्स्ट इयरसारख्या.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पण माझ्या रूममेटला दमा आहे. जानेवारीत तिला इतका त्रास झाला की दोन रात्री दवाखान्यात नेब्युलायझरवर काढाव्या लागल्या. डॉक्टरांनी तपासायच्या आधी विचारलं, राहता तिथे कबुतरं आहेत का? मी गप्प. तीच म्हणाली, 'आहेत ना, आमच्याकडेच जेवायला असतात.' मग त्यांनी समजावून सांगितलं. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची वाळलेली बारीक धूळ श्वासातून आत जाते. दमा असणाऱ्यांचा त्रास त्याने वाढतो, आणि काही माणसांना सततच्या संपर्काने 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' नावाचा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. मुंबईत याच मुद्द्यावर केवढं रामायण झालं ते आपण पेपरात वाचलंच आहे. २०२५ च्या जुलैत राज्य सरकारने महापालिकेला कबुतरखाने बंद करायला सांगितलं, ऑगस्टच्या सुरुवातीला दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, आणि पुढच्या काही दिवसांत जमावाने ती ताडपत्री ओढून काढली. प्रकरण हायकोर्टात.

आमचं हायकोर्ट म्हणजे खोली नंबर बावीस. रूममेट म्हणाली, 'अगं, माझं चिमण्यांशी काही भांडण नाही. पण कबुतरं राहणार असतील तर मी रूम बदलते.' तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. दोन वर्षं आम्ही एका किटलीत मॅगी केलेली आहे.

मी आणि माझी ईएनटीसीची एक मैत्रीण, आम्ही दोघी रेक्टर मॅडमकडे गेलो. वाटलं होतं बोलणी बसतील. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'गॅलरीतून आजच काढा. मागच्या बागेत, इमारतीपासून लांब, एक महिना करून बघा. कबुतर दिसलं, उंदीर दिसला, की बंद. आणि वर्कशॉपचं मटेरियल वापरायचं नाही.' एक महिना! सबमिशनला याहून जास्त वेळ मिळतो. (आणि आपण ती शेवटच्या रात्रीच करतो, ते सोडा.)

झालं, परळ बागेत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी आमच्या मागोमाग बागेत. मग सल्ले सुरू झाले. आपल्या कॉलेजात सबमिशनला कुणी मदत करणार नाही, पण सल्ला द्यायला तिन्ही वर्षं धावून येतात. पहिला सल्ला मुलांकडून, खांबाला ग्रीस फासा. हा आम्ही लगेच रद्द केला. ग्रीस खारीच्या अंगाला आणि चिमणीच्या पिसांना लागलं तर त्यांना ते साफ करता येत नाही, आणि तेलकट पिसांनी पक्ष्याला धड उडताही येत नाही. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांनाच त्यात मारायचं?

दुसरा सल्ला मेसच्या मावशींचा. दाण्याला तिखट चोळा. हा मात्र शास्त्रशुद्ध निघाला! सस्तन प्राण्यांच्या चेतातंतूंवर टीआरपीव्ही १ नावाचा रिसेप्टर असतो. मिरचीतलं कॅप्सायसिन त्याला जाऊन चिकटलं की मेंदूला 'जळलं!' असा निरोप जातो. पक्ष्यांकडेही हा रिसेप्टर आहे, पण तो कॅप्सायसिनला दाद देत नाही. कोंबडीच्या रिसेप्टरवर हे २००२ मध्ये दाखवून देणाऱ्यांत डेव्हिड ज्युलियस होते, आणि याच रिसेप्टरच्या शोधासाठी त्यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. मिरचीच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. उंदीर-खारी बी चावून टाकतात, पक्षी अख्खं गिळून लांब नेऊन टाकतात, मग तिखट कुणाला लागलं पाहिजे? मावशींना हे सगळं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, 'त्यात काय? पोपट मिरची खातो की!' नोबेल बाजूला राहिलं.

तरीपण तिखट आम्ही वापरलं नाही. कारण ते वाऱ्यावर उडतं. ज्या खोलीत इन्हेलर आहे तिच्या खाली तिखटाचा धुरळा उडवायचा, हे मला पटेना.

तिसरा सल्ला सगळ्यात हायटेक. एका मित्राने परदेशी फीडरचा फोटो आणला. नळकांड्यासारखा फीडर, त्याच्या बाहेर एक आवरण, ते स्प्रिंगवर लटकतं. चिमणीएवढा पक्षी बसला तर काही होत नाही. खार चढली की तिच्या वजनाने आवरण खाली सरकतं आणि दाण्याची भोकं बंद. वाहवा! काय सुंदर मेकॅनिझम! स्प्रिंगचा स्टिफनेस काढायचा आणि झालं. मेकॅनिकलची मुलगी यावर फिदा होणार नाही तर कशावर? शिवाय नासात काम केलेल्या मार्क रोबर या इंजिनीअरने २०२० मध्ये आपल्या परसातल्या खारींसाठी बांधलेला तो अडथळ्यांचा कोर्स अर्ध्या हॉस्टेलला पाठ आहे, त्यामुळे उत्साह ओसंडून वाहत होता.

पण स्प्रिंग डिझाईन करायची तर लोड माहीत पाहिजे. खार किती वजनाची? परदेशातली ती करडी खार साधारण चारशे ते सहाशे ग्रॅमची असते. तिच्याबरोबर फीडरवर येणारे छोटे पक्षी वीस-पंचवीस ग्रॅमचे. वीस आणि पाचशे! एवढं अंतर असलं तर डोळे झाकून स्प्रिंग निवडता येते. आपली खार? पुस्तकात शंभरेक ग्रॅम असं लिहिलेलं. माझ्या ईएनटीसीच्या मैत्रिणीकडे मिनी प्रोजेक्टचा एक किलोचा लोड सेल आणि एचएक्स ७११ चं बोर्ड पडून होतं. म्हणाली, 'पुस्तकात कशाला बघतेस? वजन करू.'

लोड सेलवर आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण बसवलं, त्यात दाणे, वायर बाकाखालच्या पेटीत. खार एक सेकंद स्थिर बसत नाही, त्यामुळे आकडे नाचायचे. मग सरासरी काढायचा प्रोग्रॅम लिहिला माझ्या रूममेटने. खिडकी बंद करून, काचेच्या आत बसून, पण लिहिला तिनेच. आणि बागेतलं कोण कधी येतं त्याची वहीसुद्धा तीच ठेवायला लागली, वरून दिसायचं चांगलं. पाच दिवसांत आमच्याकडे जे आकडे जमले ते असे: चिमणी पंचवीस-तीस ग्रॅम, बुलबुल चाळीसच्या आसपास, कावळा पावणेतीनशे, कबुतर सव्वातीनशे. खार पंचाण्णव ते एकशे दहा. आणि साळुंकी? शंभर ते एकशे वीस!

तिथेच स्प्रिंग मोडली. जी स्प्रिंग खारीला दार लावेल ती साळुंकीला आधी लावेल. आपल्या बागेत खार आणि साळुंकी एका वजनाच्या आहेत, आणि परदेशी डिझाईनला त्यांच्यातला फरक कळायचा नाही. ते डिझाईन चूक नाही, ते माझ्या इंग्लिश रीडरमधल्या खारीसाठी केलेलं आहे. तिथे ओक आहे, बर्फ आहे आणि पाव किलोहून जड खार आहे. इथे बदामाचं झाड, मावशी, आणि शंभर ग्रॅम.

वजनाने जमत नाही म्हटल्यावर उरलं भूमिती. खारीला वजनाने ओळखता आलं नाही तरी तिचा रस्ता ओळखता येतो. पक्षी वरून येतो, खार खांबावरून येते. तर खांबावर उपडं नरसाळं बसवायचं. खार खालून चढत येते, नरसाळ्याच्या आत डोकं आपटतं, बाहेरच्या कडेला लोंबकळून वर जाता येत नाही, परत खाली. परदेशात याला 'बॅफल' म्हणतात. हे मात्र वजनावर अवलंबून नाही, त्यामुळे इथे चालण्यासारखं.

फर्स्ट इयरवाल्यांनो, ईडीचा 'डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस' हा चॅप्टर कशाला शिकायचा असं विचारता ना? ऐका. नरसाळं चाळीस सेंटिमीटर व्यासाचं हवं होतं, म्हणजे त्रिज्या २०. तिरकी उंची २५ घेतली, की सरळ उंची १५ येते, तीन-चार-पाचचा त्रिकोण. पत्र्यावर कापायचा कोन ३६० गुणिले २० भागिले २५, म्हणजे २८८ अंश. पण पत्रा? वर्कशॉपचा घ्यायचा नाही. मावशींनी मेसचा तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा दिला. त्याचा उलगडलेला पत्रा चांगला लांब, पण रुंदी पस्तीसेक सेंटिमीटर, त्यात पन्नासचं वर्तुळ बसत नाही. मग १४४ अंशांचे दोन तुकडे केले, एक सुलटा, एक उलटा, शेजारी शेजारी बरोबर बसले. कडा दुमडून घेतल्या, नाहीतर पत्रा सुरीसारखा लागतो, आणि रिव्हेटने जोडलं. वर्कशॉपच्या मामांनी लांबून पाहिलं. मटेरियल द्यायची मनाई होती, सल्ला द्यायची नव्हती. 'ओव्हरलॅप एक सेंटिमीटर ठेव,' एवढंच म्हणाले. मागच्या वर्षी माझ्या शीट मेटलच्या ट्रेला त्यांनी काय म्हटलं होतं ते इथे छापण्यासारखं नाही.

खांब मोडक्या बॅडमिंटन नेटचा. नरसाळं जमिनीपासून दीड मीटरवर, त्याच्या वर आडवा पाईप, इंग्रजी टीसारखा. राहिला प्रश्न खांब रोवायचा कुठे. अमेरिकेतले पक्षीवाले पाच-सात-नऊचा नियम सांगतात. खार जमिनीवरून पाच फूट वर उडी मारते, झाडावरून झाडावर आडवी सात फूट, आणि उंचावरून खाली नऊ फूट. उंचावरून मारलेली उडी जास्त लांब का पडते हे मेकॅनिक्सच्या प्रोजेक्टाइलमध्ये आपण सर्वांनी पाठ केलंय. आपली खार त्या खारीच्या पावपट, पण फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणून आम्ही तोच नियम ठेवला आणि बदामाच्या फांदीपासून दहा फूट लांब खड्डा घेतला.

आठ दिवस खार नाही! खालून वर बघायची, नरसाळ्यात शिरायची, फिरून बाहेर यायची, शेपूट झटकून जी काय बोलायची ते शिव्याच असणार. नवव्या दिवशी बघते तर वर, आरामात, शेपूट पाठीवर टाकून जेवतेय. कसं शक्य आहे? तर कुणीतरी (नाव घेत नाही, पण बेडशीट निळी होती) बदामाच्या बुंध्यापासून आमच्या आडव्या पाईपपर्यंत कपडे वाळत घालायला मस्त नायलॉनची दोरी बांधली होती. खारीचं शास्त्रीय नाव फ्युनॅम्ब्युलस, आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी दोरीवर चालणारा, डोंबारी! दोरी सोडली, बेडशीट परत केली.

आता कबुतरं. नरसाळ्याचं त्यांना काय? ती वरून येतात. त्यांच्यासाठी दाण्याच्या ताटलीभोवती दीड इंची चौकोनांच्या जाळीचा पिंजरा केला. चिमणी त्यातून सहज जाते, कबुतर आणि कावळा जात नाहीत. फक्त ताटली जाळीला चिकटून ठेवायची नाही, वीतभर आत ठेवायची, कारण कबुतर अंग बाहेर ठेवून मान आत घालतं. साळुंक्याही बाहेर राहिल्या, त्यांना किड्यांची आणि मेसच्या मागच्या उकिरड्याची कमी नाही.

आणि गंमत म्हणजे हा सगळा पिंजरा करून झाल्यावर मी आजीला फोनवर कौतुकाने सांगितलं. माझं आजोळ रत्नागिरीकडचं. आजी म्हणाली, 'पिंजरा कशाला गं? लोंब्या टांग.' तिच्याकडे दसरा-कोजागिरीच्या सुमारास नवीन भात आलं की लोंब्या, आंब्याची पानं, झेंडू असं एकत्र करून दाराला 'नवं' बांधतात. चिमण्या त्याला उलट्यासुलट्या लटकून दाणे काढतात. कबुतराला बसायला सपाट जागा लागते, हलणाऱ्या देठाला लटकणं त्याच्याने होत नाही. पत्रा नको, जाळी नको, रिव्हेट नको! मामाने आजीच्या माळ्यावरच्या लोंब्यांची जुडी पाठवली, ती पाईपच्या दुसऱ्या टोकाला टांगली. तिसऱ्या दिवशी चिमण्यांबरोबर दोन मुनियाही आल्या, त्या पिंजऱ्यात कधी शिरल्या नव्हत्या. कबुतरांनी दोन दिवस भोवती फडफड केली आणि नाद सोडला. (ती कुठे गेली हे बॉइज हॉस्टेलला विचारा.)

उंदरांचं उत्तर सगळ्यात साधं आणि सगळ्यात कंटाळवाणं. जेवढं दिवसात संपेल तेवढंच ठेवायचं. आम्ही लोड सेलवर मोजून तीस ग्रॅमवर आलो. शिजलेला भात, पोळीचे तुकडे अजिबात नाही, ते आंबतात आणि त्याचा वास उंदराला आधी लागतो. संध्याकाळी सहाला खालचं झाडून घ्यायचं. होले बरंचसं आधीच टिपतात, तरी झाडू मारायचाच. ही पाळी आम्ही तिघींनी लावून घेतली, आणि सांगते, नरसाळ्याच्या गणितापेक्षा ओरल्सच्या आदल्या संध्याकाळी झाडू घेऊन बागेत जाणं अवघड आहे.

महिना भरला तेव्हा मॅडम स्वतः आल्या. डक्ट बघितलं, मेसमधला उंदरांचा पिंजरा बघितला, रूममेटची वही दहा मिनिटं वाचली. 'ठीक आहे, चालू ठेवा,' म्हणाल्या. नोटीस मात्र काढली नाही. रूममेट अजून बावीस नंबरमध्येच आहे. इन्हेलर सुटलेला नाही, तो सुटणारही नाही, पण गॅलरीचं दार आता उघडं असतं.

सगळ्यांना आनंद झाला, मावशी सोडून. त्यांना हे नरसाळं पहिल्यापासून आवडलं नव्हतं. 'रामाची खार हाय ती,' म्हणायच्या. सेतू बांधताना तिने वाळू वाहिली, रामाने पाठीवरून बोटं फिरवली, त्याचे ते पट्टे. मी म्हटलं, मावशी, तीन पट्ट्यांची खार असते तशी पाच पट्ट्यांचीपण असते. 'मग पाच बोटं फिरवली असतील!' आणि नंतर हळूच विचारलं, 'चिमणी तुझी, मग खार कुणाची गं?'

याचं उत्तर मला लोड सेलवरून काढता आलं नाही. नको असलेला पाहुणा कोण, हे बागेगणिक बदलतं. इंग्लंडमध्ये ज्या करड्या खारीला फीडरवरून हाकलतात ती अमेरिकेतून माणसांनीच तिथे नेऊन सोडली, १८७६ पासून, आणि तिने तिथली मूळची तांबडी खार मागे रेटली. आपली पाच पट्ट्यांची खारसुद्धा ऑस्ट्रेलियात पर्थला १८९८ मध्ये प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडली, आणि तिथे ती परकी, उपद्रवी म्हणून गणली जाते. रामाची खार, आणि तिथे व्हिसा नाही! आणि आपण चिमण्यांसाठी जे करतो त्याने चिमण्या वाचतात असंही नाही. तिची पिल्लं पहिले दिवस दाण्यांवर नाही, अळ्या-किड्यांवर वाढतात. २०२० च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात तर देशभरात चिमणी साधारण टिकून आहे, घटली आहे ती मोठ्या महानगरांत, असं आहे. तेव्हा आम्ही काही पर्यावरण वाचवत नव्हतो. आम्हाला सकाळी पावणेसातला चिमण्या हव्या होत्या, एवढंच.

मावशींशी तह झाला. खारीला वर येऊ द्यायचं नाही, पण बदामाच्या बुंध्याशी तिचं वेगळं पान. पोळी नाही, खारे शेंगदाणे नाहीत, मसाला शेंगदाणे तर नाहीच. साधे, कच्चे, आठ. मी ते लोड सेलवर ठेवून पाहिले, चार ग्रॅम. मावशी दहा टाकतात हे मला माहीत आहे.

आता काम उरलंय ते तुमच्याकडे. आजीच्या लोंब्या एप्रिलमध्येच संपल्या. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीहून परतताना भाताची नाहीतर बाजरीची एक जुडी आणावी, औषध न मारलेली. सुट्टीत हॉस्टेलवर थांबणाऱ्यांनी झाडूच्या पाळीसाठी बावीस नंबरला नाव द्यावं. आणि निळ्या बेडशीटवालीने कृपया गच्चीवर कपडे वाळत घालावेत.